कुणाचाही हात न लागलेलं पाणी

पाण्याची नवी बाटली उघडताना कट्ट असा जो आवाज होतो, तो बरोबर यावा हे बघणं माझं काम आहे. झाकणाच्या खालच्या काठाला एक अरुंद रिंग असते. झाकणाला ती बारीक बारीक टाक्यांनी जोडलेली असते. पहिल्यांदा झाकण फिरवलं की टाके तुटतात, रिंग बाटलीच्या गळ्यात राहते आणि झाकण हातात येतं. टाके आधीच तुटलेले दिसले तर समजायचं, बाटली कुणीतरी उघडली होती. टाके जाड झाले तर म्हाताऱ्या माणसाला झाकण उघडत नाही. फार बारीक झाले तर कारखान्यात झाकण बसवणाऱ्या मशीनमध्येच तुटतात. या दोहोंच्या मधली जागा शोधत माझी नोकरी चालली आहे.

आईला हे काम कधी फारसं पटलं नाही. "झाकणं करायला इंजिनेर कामून लागते गं?" असं ती सुरुवातीला विचारायची. मी समजावून सांगायचे आणि ती "हाव, हाव" म्हणत भाजी निवडत राहायची.

आम्ही परभणीकडचे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले म्हणून हैदराबादला आलो आणि इथलेच झालो. आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पण संध्याकाळी ड्यूटीवरून आले की समोर बसवून मराठी वाचून घ्यायचे. अडखळले की पान पहिल्यापासून. ते गेले तेव्हा मी नुकतीच या झाकणांच्या कंपनीत लागले होते.

कंपनीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी सेल्समध्ये होती, माझ्याच वयाची. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुम्ही मराठी? हौ? अगं मग आधी सांगायचं ना!" तेव्हापासून आम्ही डबा एकत्र खायला लागलो. आमची मराठी म्हणजे काय, निम्मी उर्दू, पाव तेलुगू. बाहेर दोघींच्या बोलण्याला कुणी मराठी म्हटलं नसतं. पण दिवसभर मोजमापं, मशीन आणि मीटिंग झाल्यावर ती भाषा कानाला बरी वाटायची. मी बौद्ध आहे हे मी तिला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. डब्यातली शेंगदाण्याची चटणी तोंडात टाकत ती म्हणाली होती, "मग? मला काय करायचंय?" मला ते फार आवडलं होतं.

तिचं घर विद्यानगरला. ब्राह्मण घर, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं. आजोबा वकील, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन वारलेले. घरात ती आणि तिची आई. त्या बाईंना मी काकू म्हणायचे. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तरी अक्षर लागत नव्हतं. घरात मराठी पुस्तकांचं कपाट भरलेलं, आणि मुलीला मराठी धड वाचता येत नव्हतं. ती एकेक अक्षर जुळवत वाचायची, काकू वैतागायच्या. एकदा मी सहज पुस्तक हातात घेतलं आणि अर्धं पान वाचून दाखवलं. काकू उठून बसल्या.

"अगं, किती स्वच्छ वाचतेस तू! आमच्याकडे आता कुणाला 'ळ' म्हणता येत नाही. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"संस्कार आहेत हो," त्या मुलीला म्हणाल्या.

तिथून माझे रविवार विद्यानगरला जायला लागले. काकू पलंगावर उशीला टेकून, मी खिडकीजवळच्या खुर्चीत. गोष्ट रंगली की त्या डोळे मिटून ऐकायच्या. मधेच थांबवून म्हणायच्या, "हे परत वाच." वाचून घसा कोरडा पडला की म्हणायच्या, "जा, आत जाऊन पाणी पी. मलाही आण." मी स्वयंपाकघरात जायचे, तांब्याच्या घागरीतून दोन पेले भरायचे. देवघर स्वयंपाकघरातच होतं. मी कितीदा तिथून गेले असेन. जेवायला थांबवून घ्यायच्या. माझं पान स्वतः वाढायच्या आणि मी भात कमी घेतला तर रागवायच्या. घरी आई एकटी जेवत असायची.

त्याच काळात कंपनीकडे एक तक्रार आली. पाणी भरून विकणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावानं बाजारात भलतंच पाणी खपत होतं. बाटल्या त्यांच्याच, झाकणं त्यांचीच म्हणजे आम्ही बनवलेली, आणि रिंग शाबूत. मॅनेजरनं मला आणि माझ्या मैत्रिणीला चौकशीला पाठवलं. आम्ही बेगम बाजारात डबे-बाटल्यांच्या गल्लीत फिरलो. एका दुकानदाराला झाकणं हवीत म्हटलं तर त्यानं सरळ विचारलं, "नया होना कि पुराना? पुराना भी सील-पॅकइच है, देखो." त्यानं गोणीत हात घालून मूठभर झाकणं काढली. माझीच झाकणं. प्रत्येकाला रिंग लटकलेली, एकही टाका तुटलेला नाही. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. मी चार झाकणं पर्समध्ये टाकली.

ती युक्ती मी कारखान्यात स्वतः करून बघितली. बाटलीचं तोंड गरम पाण्यात बुडवून ठेवलं की प्लास्टिक सैल पडतं. मग अंगठ्यानं जपून वर रेटलं की रिंग झाकणासकट अख्खी निघते. बाटली रिकामी झाली की नळाचं पाणी भरायचं आणि झाकण परत दाबून बसवायचं. उघडताना कट्ट आवाजही येतो. इतकं सोपं होतं ते. मला लाज वाटली, आणि मग चीड आली.

पुढचे कित्येक महिने मी त्याच्यामागे लागले. टाके बदलून भागेना. शेवटी रिंगमध्येच एका ठिकाणी उभी रेघ ठेवली, तिथं प्लास्टिक कागदासारखं पातळ. गरम पाण्यानं रिंग ताणली की सगळ्यात आधी ती रेघ फाटणार आणि रिंग तोंड वासून उघडी पडणार, पुन्हा कधी न बसण्यासाठी. कागदावर ते छान होतं. मशीनवर रेघ झाकण बसवतानाच फाटायची. पुन्हा साचा, पुन्हा चाचणी, पुन्हा फाटकी झाकणं. माझी बोटं झाकणं उघडून उघडून सोलवटली. घरी भांडी घासताना चुरचुरायची, तर आई मला घासू द्यायची नाही. एक दिवस लॉटमधलं एकही झाकण मशीनवर फाटलं नाही आणि गरम पाण्यात प्रत्येक झाकण फाटलं. मॅनेजर तेलुगू माणूस, फार न बोलणारा. झाकण उजेडात धरून बघत म्हणाला, "बागुंदी." चांगलं आहे. तेवढंच.

ते झाकण विकायचं काम मैत्रिणीकडे आलं. तिनं गिऱ्हाइकांसाठी ओळ तयार केली: कुणाचाही हात न लागलेलं पाणी. हिंदीत, तेलुगूत, इंग्रजीत. मराठीत ती फक्त मला म्हणून दाखवायची. आम्ही दोघी खूश होतो.

काकूंनाही मी ते झाकण नेऊन दाखवलं. त्यांना डोळ्यांसाठी सारखं दवाखान्यात जावं लागायचं, बाहेर पाण्याची बाटली विकत घ्यावी लागायची. मी त्यांचं बोट धरून रिंगवर फिरवलं. "दिसत नसलं तरी असं चाचपून बघायचं काकू. कुठं चीर लागली तर परत करायची." त्यांनी दोनदा तसं करून बघितलं. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "ही आमची मुलगीच. हिनं बनवलंय हे."

त्यानंतर मी तारनाक्याला फ्लॅट घेतला. आईची हयात क्वार्टरमध्ये आणि मग भाड्याच्या घरात गेलेली. फ्लॅटच्या चाव्या हातात आल्या तेव्हा तिनं सगळ्या खोल्यांचे नळ एकदा उघडून बंद केले. बुद्धवंदना झाली, आमचे नातेवाईक येऊन गेले. मग आई म्हणाली, "तू दर ऐतवारी ज्यांच्याकडं जातीस, त्यांला बोलाव की. त्यांचं इतकं खाल्लंस."

मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मी येते ना. आईला कशाला तकलीफ? जिने वगैरे."

"लिफ्ट आहे."

"तिला बाहेर नको वाटतं गं हल्ली."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण आला नाही. मी काकूंनाच फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "येणारच! मुलीचं घर बघायला नको?"

आईनं नवे कप आणले होते. सकाळपासून तिची गडबड चालली होती. तुपातला शिरा केला, त्यात वेलदोडा जास्त झाला की काय म्हणून मला तीनदा चाखायला लावला. काकू आल्या त्या हसत. दारात माझ्या गालावरून हात फिरवला. आईनं वाकून नमस्कार केला, त्यांनी "असू दे, असू दे" म्हटलं. मग त्या हॉलमध्ये आल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. जवळचं अक्षर काकूंना लागत नव्हतं, पण एवढा मोठा फोटो दिसायला काही अडचण नव्हती.

त्या उभ्याच राहिल्या. मग मुलीकडे बघितलं. मैत्रीण मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती.

"बसा ना काकू."

त्या बसल्या, सोफ्याच्या अगदी काठावर. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आईनं पाणी आणलं. त्यांनी ट्रेकडे बघून मान हलवली. आईनं चहा आणला, शिरा आणला.

"नको हो. मी बाहेरचं काही घेत नाही सध्या. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"थोडा तरी घ्या. घरच्याच तुपातला हाय."

"नको. खरंच नको."

मैत्रिणीनं शिरा खाल्ला. घाईघाईनं, मोठे मोठे घास घेत, छान झालाय छान झालाय म्हणत. मी घराच्या खिडक्या, पंखे, कुठून बस मिळते असलं काहीतरी बोलत राहिले. काकूंनी घड्याळ बघितलं आणि मुलीला म्हणाल्या, "माझी गोळी राहिली."

पाण्याचा ट्रे समोरच होता. पेले भरलेले, वर झाकण्या ठेवलेल्या. मैत्रीण उठली आणि म्हणाली, "आणते." मला वाटलं स्वयंपाकघरातून. ती चपला घालून खाली गेली.

ती येईपर्यंत काकूंनी पर्समधून गोळी काढून हातात धरली. आई ट्रेकडे बघत होती. मैत्रीण खालच्या दुकानातून बाटली घेऊन आली. झाकण आमच्याच कंपनीचं होतं, मला लांबूनही ओळखू येतं. काकूंनी बाटली घेतली. उघडण्याआधी रिंगवरून बोट फिरवलं, सावकाश, सगळीकडून, मी शिकवलं होतं तसं. मग झाकण फिरवलं. टाके एकदम तुटले, एकही मागे राहिला नाही. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि बाटली वर धरून पाणी ओतून घेतलं.

मी ते सगळं पाहिलं, आणि सांगायलाही शरम वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात आलं की झाकण किती चांगलं उघडलं.

निघताना त्यांनी उरलेली बाटली पर्समध्ये घातली. माझ्या गालाला हात लावला नाही. "छान आहे घर," म्हणाल्या, लिफ्टच्या दाराकडे बघून.

दार लावल्यावर आई ट्रेकडे वळली. काकूंसाठी ओतलेला चहा गार झाला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला. मी म्हणाले, "आई, टाकून दे ना तो." ती म्हणाली, "कामून टाकू? पत्ती चांगली हाय." मग कप विसळताना पाठमोरीच म्हणाली, "मला तर त्या फोटूपाशी थांबल्या तव्हाच कळलं. तुला इतके दिस नाही कळलं का?"

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी मैत्रिणीला पार्किंगमध्ये घेऊन गेले.

"काकूंना माहीत नव्हतं?"

ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं की तुम्ही मराठा आहात. परभणीकडचे देशमुख, फक्त आडनाव गावाचं लावता."

"काय?"

"तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं गं. मी काय सांगणार होते? तू आलीच नसतीस मग घरी. तुझ्यासाठीच केलं ना मी."

इतके रविवार मी त्या घरात बसले, वाचलं, जेवले, घागरीतून पाणी घेतलं. ज्या मुलीला काकू वाढत होत्या, ती मी नव्हतेच. कुणी परभणीकडची देशमुखाची मुलगी होती. माझ्या वडिलांनी समोर बसवून घोटून घेतलेली मराठी तिच्या खात्यावर जमा होत होती.

"मी तर मानत नाही ना काही," मैत्रीण म्हणाली. "मी शिरा खाल्ला की नाही?"

"मग बाटली आणायला कशाला धावलीस?"

"तिला गोळी घ्यायची होती."

"समोर चार पेले भरून ठेवले होते."

ती रडायला लागली. तिची आई तशीच आहे, घरी आल्यापासून बोलत नाही, देवघर धुऊन काढलं, घागर घासून उलटी टाकलीय, मी कुणाकुणाचं ऐकू, असं सगळं रडत रडत सांगत गेली. देवघर धुतल्याचं तिनं मला सांगायला नको होतं. पण ती रडत होती आणि वॉचमन बघत होता, म्हणून मीच तिला रुमाल दिला. मीच म्हणाले, "जाऊ दे, रडू नकोस." अपमान आमचा झाला आणि समजूत मी तिची काढली. हे मला अजून पचलेलं नाही.

काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "येत नाहीस वाचायला? गोष्ट अर्धी राहिलीय." आवाज अगदी पूर्वीसारखा. मी आईला सांगितलं नाही आणि गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या काही बोलतील असं वाटलं असेल. चुकलं म्हणतील. निदान विषय तरी काढतील.

खुर्ची खिडकीजवळ नव्हती. बाहेर व्हरांड्यात होती, तुळशीच्या कुंडीच्या अलीकडे. काकू आतल्या बाजूला, उंबऱ्याजवळ आरामखुर्चीत. माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर पुस्तक आणि पाण्याची बंद बाटली.

"इथं वारा छान येतो," काकू म्हणाल्या.

मैत्रीण घरात नव्हती, किंवा आतल्या खोलीत होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचलं. उरलेली गोष्ट शेवटपर्यंत वाचली, एकही शब्द न अडखळता. मधे काकू म्हणाल्या, "हे परत वाच," तेही वाचलं. घसा सुकला, पण बाटलीला हात लावला नाही. पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं आणि उठले.

"पुढच्या रविवारी दुसरं काढू," काकू म्हणाल्या.

"मी येणार नाही काकू."

"का गं?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी पदर सारखा केला. मग अगदी मायेनं, खरोखरच मायेनं म्हणाल्या, "तू फार मनाला लावून घेतेस, पोरी. घरात देवाचं असतं, काही पाळावं लागतं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही."

यावर ओरडावं, असं मला वाटलं होतं. ओरडता आलं नाही. "तुम्ही जे पाळता ते मला जमणार नाही," एवढंच म्हणाले आणि चपला घातल्या. रस्त्यावर आल्यावर उसाच्या रसाचा गाडा दिसला. दोन ग्लास रस उभ्याउभ्या प्यायले, आणि मग मला रडू आलं, गाड्यावर, लोकांसमोर. रसवाल्यानं विचारलं, "क्या हुआ अम्मा?" मी म्हटलं, बर्फ जास्त थंड होता.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कुठं गेलतीस?" मी खरं सांगितलं. ती मला बोलली. मी लहान असताना अभ्यास केला नाही म्हणूनही ती इतकी कधी बोलली नव्हती. "बोलावलं अन् गेलीस? त्या घरी पुन्ना वाचायला बसलीस?" मी ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं.

मैत्रीण त्या वर्षअखेर दुसऱ्या कंपनीत बंगळुरूला गेली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी केक कापला, तिनं मला मिठी मारली, मी मारून घेतली. तिनं बनवलेली ती ओळ कंपनीच्या स्वागतकक्षात मोठ्या अक्षरांत लावलेली आहे. बाहेरची माणसं आली की मला बोलावून सांगतात, हे झाकण यांनी बनवलं. मी हसते.

मी मॅनेजरला म्हणाले होते, मला पाण्याच्या झाकणांवरून काढा, खाद्यतेलाच्या डब्यांवर घाला. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, तेच तेच करून कंटाळा आला. त्यानं थोडा विचार केला आणि मान्य केलं, फक्त पाण्याच्या गिऱ्हाइकांचे फोन तूच घेत जा म्हणाला, तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळत नाही.

सणावाराला मैत्रिणीचा मेसेज येतो, दिवाळीचा, पाडव्याचा. बुद्धपौर्णिमेचाही येतो, न चुकता, आणि त्याच्याखाली फुलांचं चित्र असतं. आई विचारते, कुणाचा गं? मी सांगते. "उत्तर नको देऊ," ती म्हणते. मी देते. धन्यवाद, तुलाही, असं दोन शब्दांत देते. पण बुद्धपौर्णिमेचा तो मेसेज बघितला की अजूनही मला राग येतो, आणि तो उत्तर दिल्यावरही जात नाही.